झाकणावरचं नाव: भांड्यांची वाटणी आणि खिडकीतलं ऊन

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या जुन्या वस्तीतल्या एका मराठी घराचं आहे. राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर, लाकडी खांबांचं, दोन मजले आणि वर माळा असलेलं घर. लिहायला घरच्यांनी परवानगी दिली, फक्त नावं नकोत म्हणाले, म्हणून इथं सगळे नात्यानंच येतील. घर चालवत होत्या वहिनी, वय 61. त्यांच्या सासूबाईंना आम्ही सगळे आजी म्हणतो, त्यांचं वय 86. मोठे दीर पुण्यात, धाकटे नागपुरात, नणंद बडोद्याला. मी तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, या घरातल्या मुंजी आणि लग्नं मीच टिपली. वहिनी मला दादा म्हणतात.

आजींना जिना चढवेना, तेव्हा लिफ्टच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. ताबा संक्रांतीनंतर द्यायचा होता. हातात डिसेंबर आणि अर्धा जानेवारी. कपाटं, पलंग, झोपाळा यांचा निकाल दोन दिवसांत लागला. अडलं ते भांड्यांवर. माळ्यावरून आणि कोठीच्या खोलीतून 163 नग खाली आले: पितळेचे डबे, तांब्याचा बंब, घंगाळ, काशाच्या वाट्या, पुरणयंत्र, सोऱ्या, झारे, किसण्या, पराती, ताम्हनं, अडकित्ता, फिरकीचे तांबे. त्यातली निम्मी गेल्या वीस वर्षांत कुणी हातात घेतली नव्हती.

बेत साधा होता. वहिनींनी प्रत्येक वस्तूचा फोनवर फोटो काढायचा, घरच्या ग्रुपवर टाकायचा, ज्याला जे हवं त्यानं सांगायचं. उरलेलं बर्तन बाजारात मोडीच्या भावानं द्यायचं.

अडचण

पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी 61 फोटो टाकले. ग्रुपवर एकोणीस माणसं. दोन अंगठे आले, एक "छान" आलं, आणि पुण्याच्या दिरांनी लिहिलं, "वहिनी, कशाला त्रास घेता, सगळं मोडीत द्या." मागणी आली तीन वस्तूंना, तीही देवघरातल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "दादा, चांगला कॅमेरा भाड्यानं मिळेल का?"

मी फोटो पाहिले. स्वयंपाकघराच्या फरशीवर भांडं, वर ट्यूबलाइट, शिवाय फ्लॅश. प्रत्येक हंडीच्या पोटावर एक पांढरा जळका डाग, आणि त्याच्या शेजारी फोन धरलेल्या वहिनी स्वतः, वाकड्या झालेल्या. सगळे फोटो उभ्यानं, वरून खाली काढलेले, त्यामुळे घंगाळ आणि वाटी एकाच मापाची दिसत होती. मागे पायपुसणं, पिशव्या, कुणाची तरी चप्पल.

पण खरी अडचण याच्याही मागे होती आणि ती तेव्हा मलाही नीट दिसली नाही. या फोटोंकडून दोन कामं हवी होती. एक, वस्तू कशी आहे, केवढी आहे, फुटकी आहे का, हे सांगणं. दुसरं, दूर गेलेल्या माणसाला ती वस्तू पुन्हा नीट बघायला लावणं. ही कामं वेगळी आहेत आणि त्यांना उजेडही वेगळा लागतो. आम्ही दोन्ही एकाच फोटोवर टाकली, आणि पुढचं बरंचसं बिनसणं तिथूनच आलं.

समोर असलेले पर्याय

भावंडांनाच बोलवावं, हा सगळ्यात सरळ पर्याय होता. वस्तू हातात घेऊन ठरवा. पण नागपूरच्या दिरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बडोद्याच्या नणंदेकडे सून बाळंत. तो सोडावा लागला. एखाद्या फोटोग्राफरकडून सगळं काढून घ्यावं, तर 163 नगांचा खर्च वहिनींना झेपणारा नव्हता आणि ज्या घरात पसारा निघाला आहे तिथं परका माणूस चार दिवस नको होता.

तिसरा पर्याय मी सुचवला: थर्माकोलची पेटी. तीन बाजूंनी थर्माकोल, खाली पांढरा कार्डशीट मागे वळवून उभा केलेला, दोन बाजूंना बटरपेपरच्या आडून दोन एलईडी बल्ब. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली जवळजवळ पडत नाही, चमकत्या धातूवर डाग येत नाही. स्टुडिओत मी हेच करायचो. त्या संध्याकाळी आम्ही बावीस वस्तू अशा काढल्या, फोन तांदळाच्या छोट्या पिशवीवर टेकवून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फोटो स्वच्छ आले. काठाचा पोचा, बुडाचा डाग, कडीची खीळ, सगळं दिसत होतं.

आजींना दाखवले. त्यांनी फोन लांब धरून पाहिला आणि विचारलं, "हे दुकानातलं आहे नं?"

एवढ्या एका वाक्यावर आम्ही पेटी बाजूला ठेवली. आज मला वाटतं की तिथं आम्ही घाई केली. त्याबद्दल शेवटी लिहितो.

झाकण

चौथा पर्याय कुणी सुचवलाच नाही, तो घडला.

या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला होती. भिंत दीड फुटाहून जाड, त्यामुळे खिडकीला खोल कोनाडा. वहिनींनी एका पितळी डब्याचं झाकण धुऊन कोनाड्यात निथळायला ठेवलं, डाव्या म्हणजे पूर्वेच्या बाजूला उभं टेकवून. दुपारी पाऊणच्या पुढे त्या तिथून जात होत्या. झाकणावर अक्षरं उठली होती.

त्या काळी भांड्यावर नाव घालताना यंत्र नसायचं. अणकुचीदार लोखंडानं एकेक ठिपका ठोकून अक्षर काढायचं. हे नाव 1952 सालचं, आजींच्या सासूबाईंचं, खाली सालाचे चार आकडे. सत्तर वर्षं घासून ठिपके इतके उथळ झाले होते की घरात कुणाला त्या झाकणावर नाव आहे हेच आठवत नव्हतं. आदल्या दिवशीच्या फ्लॅशच्या फोटोत तेच झाकण होतं आणि तिथं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

वहिनींनी फोन झाकणाच्या पातळीला नेऊन एक फोटो काढला. मला पाठवला, मग ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात चौदा उत्तरं आली. बडोद्याहून फोन आला. नणंद म्हणाली, "वहिनी, या डब्यात आई अनारसे ठेवायची. वर फडकं बांधायची." पुण्याचे दीर, ज्यांनी सगळं मोडीत द्या म्हटलं होतं, त्यांनी विचारलं की अजून कुठल्या भांड्यांवर नावं आहेत.

हे का घडलं ते समजून घेणं गरजेचं होतं, नाहीतर तो एक योगायोग म्हणून सुटून गेला असता. पृष्ठभागावर उजेड समोरून पडला की खड्ड्याच्या तळालाही तो पोहोचतो आणि खड्डा भरून जातो. उजेड पृष्ठभागाला घासून, दहा-पंधरा अंशांनी आला की प्रत्येक ठिपक्याची एक कड उजळते आणि तिच्या आत सावली पडते. अर्धा मिलिमीटर खोलीचं अक्षरही मग उभं राहतं. मूर्तीवरचा झिजलेला लेख वाचायला लोक रात्री बॅटरी आडवी धरतात, त्यातली हीच युक्ती.

आता इंदूर. आमचं गाव 22.7 अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य इथं क्षितिजापासून जेमतेम 44 अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. आणि घड्याळाच्या बारा वाजता तो बरोबर दक्षिणेला नसतो. आपली वेळ 82.5 रेखांशाची, इंदूर 76च्या जवळ, त्यामुळे इथली खरी दुपार साडेबाराच्या किंचित आधी होते. तोवर पूर्वेची बाजू सावलीत. साडेबारानंतर सूर्य पश्चिमेकडे कलायला लागला की त्या बाजूला टेकवलेल्या झाकणावर ऊन घासत जाणार. पाऊण ते एकच्या सुमाराला ते हव्या त्या कोनात येतं. पुढे कोन वाढतो आणि अक्षरं पुन्हा बुडतात.

म्हणजे रोज वीसेक मिनिटं. हेच घर जूनमध्ये रिकामं केलं असतं तर सूर्य जवळजवळ डोक्यावर असता, ऊन त्या कोनाड्यात आलंच नसतं, आणि झाकण मोडीत गेलं असतं.

निर्णय पहिला: खिडकी

आम्ही ठरवलं की आता भाड्याचा कॅमेरा नको आणि बल्बही नको. वहिनींचा बारा मेगापिक्सेलचा फोन आणि ती खिडकी. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट बंद, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की पितळ हिरवट दिसतं. रोज साडेबारा ते सव्वा, आणि सकाळी नऊला जिन्याच्या झरोक्यातून येणारा एक पट्टा. दिवसाला पाच-सहा वस्तू.

फोनवर वहिनींना दोनच गोष्टी शिकवल्या. स्क्रीनवर बोट दाबून धरायचं म्हणजे फोकस आणि उजेड अडकून राहतो, मग बोट खाली ओढून चित्र थोडं काळोखं करायचं. फोन काळ्या भांड्याला बघून गडबडतो आणि त्याला राखाडी करू पाहतो. भांडं काळं आहे, ते काळंच राहू द्यावं. दुसरी गोष्ट, झूम करायचं नाही, स्वतः जवळ जायचं, आणि फोकस बसेना झाला की तेवढंच मागे यायचं.

चमकत्या भांड्यांना तिसरी एक गोष्ट लागली. धातू म्हणजे आरसा. त्यात जे दिसू नये ते समोरून काढायचं, आणि जे दिसावं ते समोर धरायचं. वहिनी गडद निळी साडी नेसून यायला लागल्या. कोनाड्याच्या उघड्या बाजूला मी छत्री उघडून धरायचो, तिची काळी छाया तांब्याच्या कडेवर रेघेसारखी उतरायची आणि तांब्याचा गोलवा दिसायचा. दुसऱ्या बाजूला पंचांगाची जुनी पानं, पांढऱ्यासाठी.

निर्णय दुसरा: घासायचं की नाही

या एका गोष्टीबद्दल मी अजून स्वस्थ नाही.

झाकणाचा फोटो सगळ्यांना आवडला, तेव्हा वहिनींना एकदम लाज वाटायला लागली. काळी पडलेली भांडी आता एकोणीस माणसं निरखून बघणार. मी दुसऱ्या दिवशी साडेबाराला पोहोचलो तोवर त्यांनी आणि कामाच्या मावशींनी चिंच-मीठ लावून तेवीस पितळी नग लख्ख करून उन्हात मांडले होते.

मी बोललो, "अहो वहिनी, हे का केलंत?" माझा आवाज चढला होता. तो चढायला नको होता.

त्या म्हणाल्या, "दादा, तुम्हाला फोटो दिसतो. मला ऐकू येतं ते काय म्हणतील ते. इतकी वर्षं वहिनीकडे होती, बघा कशी ठेवलीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांभाळणारी एकटी आणि बघणारे एकोणीस, तर भांडं काळं दिसणं ही तिच्यावर ठपका येण्याची गोष्ट असते. छायाचित्राच्या बाजूनं जे नुकसान झालं तेही तितकंच खरं. पितळेवर वर्षानुवर्षांची काळसर तपकिरी पुटं चढतात आणि जिथं रोज हात लागतो तिथली जागा मात्र उजळ राहते. डब्याच्या झाकणावर चार बोटांची आणि एका अंगठ्याची अशी उजळ जागा मी आदल्या दिवशी पाहिली होती. तिचा फोटो उद्या काढू म्हटलं होतं. चिंचेतलं आम्ल पुटं विरघळवतं, सगळीकडची सारखीच. तो हात एका दुपारीत पुसला गेला. परत यायला अजून चाळीस वर्षं तेच झाकण कुणीतरी रोज उघडायला हवं.

त्यानंतर मी एवढंच म्हटलं की उरलेल्यांचा आधी फोटो, मग चिंच. आणि ग्रुपवर वहिनींच्या वतीनं मीच लिहिलं की भांडी मुद्दाम न घासता ठेवली आहेत, फोटोसाठी, माझ्या सांगण्यावरून. हे आधीच लिहिलं असतं तर तेवीस भांडी वाचली असती.

निर्णय तिसरा: वस्तूचं नाव विसरणं, आणि आठवणं

पहिल्या आठवड्यात आमचे फोटो हळूहळू आकारांचे झाले. किसणी उन्हात धरली की दोन-अडीच फुटांवरच्या भिंतीवर तिची दातेरी भोकं गोलसर होऊन पडतात, कारण प्रत्येक भोक सूर्याचं चित्र टाकत असतं आणि सूर्य गोल आहे. सोऱ्याची चांदणीची चकती, पुरणयंत्राची जाळी, अडकित्त्याची नक्षीदार मूठ. पुरणयंत्राची जाळी मी परातीत उभी केली, तेव्हा परातीनं खालून आणि बाजूनं उजेड परतवला आणि जाळी तरंगल्यासारखी दिसली. अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टन यांनी 1930 साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला होता, तिथंही नरसाळ्याच्या आतल्या बाजूनंच मिरचीच्या वळणांना उजेड दिला होता. तो फोटो जगभर गाजला. आमच्याकडे परात होती.

इंदुरात अशा बघण्याची परंपरा घरची आहे. विष्णु चिंचाळकर, ज्यांना गाव गुरुजी म्हणायचं, वाळकी पानं, काटक्या, फाटके कागद, मोडक्या वस्तू यांतून माणसं, पक्षी, चेहरे उभे करायचे. त्यांचं काम बघत मोठं झालेल्या आमच्या पिढीला हे सवयीचं आहे की वस्तू पाहताना तिचं नाव क्षणभर बाजूला ठेवावं. वहिनींनाही ते पटकन जमलं. त्या म्हणायच्या, "आता हा झारा नाही असं धरते," आणि मग बघायच्या.

रोज संध्याकाळी त्या आजींना फोटो दाखवून विचारायच्या, "ओळखा." तिथं माझी समजूत बदलली.

एका पातेल्याच्या आतला फोटो होता. तांब्याचं पातेलं, आतली कल्हई बऱ्याच ठिकाणी उडालेली, राखाडीतून तांबडं वर आलेलं, आणि एका बाजूला मोठी तांबडी कोर. मला तो चंद्र वाटला होता. फोटो मी तसाच कापला होता, कोर मधोमध येईल असा, पातेल्याचा काठ पूर्ण काढून टाकून. मला तो आमचा सगळ्यात चांगला फोटो वाटत होता.

आजींनी क्षणात सांगितलं, "हे आमटीचं. माझ्या हातानं गेली आहे ही कल्हई. मी डावखुरी नं, सासूबाई चिडायच्या, डाव्या हातानं ढवळू नको म्हणून."

कोर उजवीकडे का नाही याचं उत्तर माझ्यासमोर बसलं होतं. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसानं फिरवून चढवतात. कालथा रोज एकाच बाजूला घासला की तो तिथंच आधी जातो. चंद्र दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात एका बाईच्या हाताची सवय होती, आणि ती सवय तिला या घरात लपवावी लागत होती.

आम्ही तो फोटो परत काढला, काठासकट, कडीसकट, म्हणजे पातेलं कसं धरायचं आणि कोर कुठल्या हाताला येते हे कळावं. आकार म्हणून तो पहिल्याइतका देखणा नाही. मी दोन्ही छापून शेजारी ठेवून बघितले. दुसराच ठेवला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वस्तूला आधी विचारायला लागलो की ही कुठं झिजली आहे, आणि उजेड तिकडे न्यायला लागलो. विळीच्या पाटावर पायाची जागा, वरवंट्याचं एका टोकाला झालेलं निमुळतेपण, पाटाच्या कडेला सुरीचे बारीक घाव. वहिनी प्रत्येक फोटोखाली आजींचं एखादं वाक्य लिहायच्या, आजी जसं बोलल्या तसंच.

निष्पत्ती

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नऊशेच्या आसपास फोटो झाले. छत्तीस ठेवण्यासारखे वाटले. चौदा छापले, 12 बाय 18 इंच, मॅट कागदावर. बारा मेगापिक्सेलचा फोटो या मापाला चालतो, इंचाला दोनशेवर बिंदू मिळतात. नियम मोडून झूम करून काढलेले तीन मात्र छापल्यावर चिखलासारखे दिसले, ते बाद.

163 पैकी 58 वस्तू घरच्यांनी मागून घेतल्या, 31 वहिनींनी ठेवल्या, 74 बर्तन बाजारात गेल्या. सुरुवातीला मागणी तीन वस्तूंना होती हे लक्षात घेतलं तर फरक मोठा आहे. पण तो फोटोंचाच, असं मी म्हणणार नाही. आजींची वाक्यं काढून टाकली असती तर किती वस्तू राहिल्या असत्या कोण जाणे.

वादही झाला. अनारशांच्या डब्यावर दोघांनी हक्क सांगितला, नणंदेनं आणि नागपूरच्या दिरांनी, दोघांनीही त्या एका फोटोवरून. आजींनी डबा लेकीला दिला. तो बडोद्याला पोहोचल्यावर कळलं की बुडाला डाग दिलेला आहे, म्हणजे झाळून जोडलेलं आहे, आणि तोही डाग सुटत आलेला. झाकणाच्या फोटोत बूड कुठून दिसणार? नणंद म्हणाली, "सांगितलं असतं तरी मी तोच घेतला असता. पण सांगायला हवं होतं." तिचं बरोबर होतं. पुण्याच्या सूनबाईंचं दुसरं. त्यांनी फोटोत विहिरीसारखं खोल दिसणारं भांडं मागितलं, त्यात रोप लावायचं म्हणून. ती काशाची वाटी निघाली, तळहातावर मावणारी. जवळून, काठाच्या आत फोन घालून काढलेल्या फोटोत मापाचा काहीच पुरावा नव्हता.

नागपूरच्या दिरांना झाकणाचा छापील फोटो पाठवला. त्यांनी पोचल्याचं कळवलं, अजून काही लिहिलं नाही.

आज परत करायचं झालं तर

थर्माकोलच्या पेटीतले फोटो मी चालू ठेवीन. प्रत्येक वस्तूचे तीन, समोरून, बुडाचा आणि शेजारी फूटपट्टी ठेवून. त्यावर वजन, पोचे, डाग, गळती लिहून. आजींना ते दुकानातले वाटले, आणि नोंदीचे फोटो तसेच असायला हवेत. खिडकीतले फोटो त्यानंतर, वेगळे, वेगळ्या दिवशी पाठवीन. डबा आणि वाटी या दोन्ही तक्रारी बावीस वस्तूंवर थांबलेली ती पेटी पुढे नेली असती तर झाल्या नसत्या.

घासण्याबद्दल वहिनींशी पहिल्या दिवशीच बोलीन, आणि फोटोबद्दल बोलायच्या आधी ग्रुपवर काय लिहायचं ते बोलीन.

आजींचं बोलणं कागदावर उतरवण्याऐवजी फोनवर आवाजात घेईन. "डावखुरी नं" म्हणताना त्या हसल्या होत्या, ते वाक्यात आलं नाही.

आणि मूळ फाइल जपीन. वहिनींचा फोन भरला होता, म्हणून त्या ग्रुपवर टाकलेला फोटो गॅलरीतून पुसत गेल्या. ग्रुपवरून जाताना फोटो आकसतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. नशिबानं छापायचे बहुतेक फोटो मी रोज माझ्याकडे केबलनं उतरवून घेत होतो. पहिल्या दिवसाचं झाकण त्यात नव्हतं. ते छापलं तेव्हा ग्रुपवरची प्रतच वापरावी लागली, आणि ती टाकताना वहिनींनी कडा कापल्या होत्या, फक्त अक्षरं राहतील अशा.

मार्चमध्ये नागपूरच्या दिरांचा मला फोन आला. तब्येतीचं बोलले, आजींचं बोलले. मग विचारलं की त्या झाकणाचा पूर्ण फोटो आहे का, न कापलेला. डब्यासाठी नव्हे, म्हणाले. झाकणाच्या मागे कोनाड्याची भिंत असेल, तिचा निळा चुना दिसत असेल. लहानपणी ते त्या कोनाड्यात बसून दूध प्यायचे.

मी वहिनींचा फोन दोनदा तपासला. घराची खिडकी तोवर उतरवली गेली होती.